खाकरणारा टेप

गल्लीत त्याला सगळे कोरडोबा म्हणत, तेही तोंडावर. राग यायचा प्रश्न नव्हता, कारण ते नाव त्याला स्वतःलाच पटलेलं होतं. जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा हा माणूस. वर हँडल, दोन बाजूंना दोन स्पीकर, एके काळी पोरं खांद्यावर घेऊन मिरवायची ते टेप. पुढे गाणी खिशात मावायला लागली आणि टेप माळ्यावर गेले. पण जीव जडलेली माणसं काही माळ्यावर टाकता येत नाहीत. ती आपापला टेप पोटाशी धरून कोरडोबाच्या दुकानात यायची.

दुकान कसलं, जिन्याखालची खोली. कोरडोबा टेप हातात घ्यायचा आणि आधी नाकाला लावायचा. मोरीशेजारी ठेवलेल्या टेपाला एक वास येतो, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्याला दुसरा. ओल हा त्याचा जन्माचा वैरी होता. पापड सादळला तर लोक हळहळतात, हा बिस्किट सादळलं तरी बिस्किटाचा डबा ठेवणाऱ्याला फैलावर घ्यायचा. घरात ओला टॉवेल खुर्चीवर टाकायची कुणाची छाती नव्हती. बायको म्हणायची, "माझं लग्न माणसाशी नाही, वाळवणाशी झालंय."

दुकानात एक लाकडी कपाट होतं. त्याच्या तळाला लहानसा बल्ब कायम पेटलेला, आणि वरच्या फळ्यांवर जुन्या मऊ धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले टेप त्या उबेत बसलेले. प्रत्येकाच्या शेजारी ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुरचुंडी. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तो ते तव्यावर परतून पुन्हा निळे करायचा. टेप प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणणाऱ्याला तो आधी झापायचा, मग बसायला सांगायचा. "हवा बांधलीत म्हणजे तिच्यातली ओलही बांधलीत की! बाहेर जायला वाटच ठेवली नाहीत तर ती बिचारी आतच ठिबकणार." तांदळात पुरून ठेवणाऱ्यांशी तर तो बोलायचाच नाही. नुसता टेप उलटा करून चाकांमधली तांदळाची कणी त्यांच्या हातावर ठेवायचा.

आणि सगळ्यांत मोठा नियम, जो तो गिऱ्हाईक पायरी उतरून गेल्यावरही मागून ओरडून सांगायचा: थंडीतून आणलेला टेप उबदार खोलीत लगेच सुरू करायचा नाही. थंड पाण्याचा तांब्या उकाड्यात ठेवला की बाहेरून घामेजतो ना, तेच टेपाच्या पोटात होतं. गुंडाळलेलाच ठेवायचा, एक दिवस कळ काढायची, मग बटण. जे कळ काढत नसत ते दुसऱ्या दिवशी कॅसेटच्या फितीचा गुंता घेऊन परत येत आणि शिव्या खाऊन जात.

बोलायला असा फटकळ. पण हे सगळं यंत्रांबद्दलचं बोलणं. मनातलं काही बोलायची वेळ आली की कोरडोबाची दातखिळी बसायची. लग्नासाठी मागणी घालायला ताई गेली होती. दुकानाची जागा मागायला घरमालकाकडेही ताईच गेली. हा आपला मागे उभा राहून भिंतीचा पोपडा निरखत होता. ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो लहान होता, आणि ताई लग्न होऊन सासरी निघाली ती त्याचं बोट धरूनच. नव्या नवरीबरोबर धाकटा भाऊ आलेला पाहून दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने तोंड वाकडं केलं असतं. भावजींनी फक्त घसा खाकरला आणि म्हणाले, "ह्याची गादी कुठे घालायची?"

हे खाकरणं ही भावजींची खूण होती. बंदरावर क्रेन चालवणारा धिप्पाड माणूस, पण महत्त्वाचं काही बोलायचं झालं की आधी दोनदा खाकरायचे. एकदा तुटक, एकदा लांबट. "ख्हं. ख्हं-हंs." मग बोलणं. पगार वाढल्याचं सांगताना, ताईला साडी आणल्याचं सांगताना, स्वतःचे वडील गेल्याचं सांगतानाही. घर दोन खोल्यांचं, आणि कोरडोबाची गादी मधल्या चिंचोळ्या वाटेत. पहाटे पाळीला निघताना भावजी पडद्याआडून खाकरायचे, की पोरगं झोपेतच पाय जवळ ओढून त्यांना वाट करून द्यायचं.

घरात टेप आणला तोही त्यांनीच. चंदेरी, दोन कॅसेटी मावणारा. खिडकीखालच्या फळीवर ठेवला, कारण वायर तिथवरच पोचत होती. कोरडोबाने एका दुपारी तो पूर्ण उघडला आणि जोडताना मूठभर स्क्रू उरले. ताईने लाटणं उचललं. भावजींनी दोनदा खाकरून घेतलं आणि म्हणाले, "उरले ते जपून ठेव. कुठले ते कळेल तुला कधीतरी." पुढे सगळं आयुष्य त्याने त्या उरलेल्या स्क्रूंवरच काढलं म्हणायचं.

भावजी एका हिवाळ्यात गेले. त्यानंतर कोरडोबा त्या घरात जायचा टाळू लागला. ताई याच्याकडे यायची, जेवायची, जायची. तो तिला जिन्यापर्यंत सोडायचा आणि आज येतो, उद्या येतो म्हणायचा. जगाचे टेप वाळवणाऱ्या माणसाला खिडकीखालच्या त्या टेपाची कधी आठवण झाली नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मग ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सोबतीला कुणीतरी हवं झालं. बायको म्हणाली, "वन्संनी तुम्हाला वाढवलं, मला नाही. तुम्ही जा." तो गेला. गादी घातली ती मधल्या वाटेतच, दुसरीकडे जागाच नव्हती.

सकाळी ताईने काठीच्या आधाराने उठून गॅसवर चहाचं आधण ठेवलं. बाहेर कडाक्याची थंडी, खिडकी बंद, खोलीत वाफ कोंडलेली. कोरडोबा अर्धवट झोपेत होता.

"ख्हं." थोडं थांबून, "ख्हं-हंs."

त्याचे पाय आपोआप जवळ ओढले गेले. वाट मोकळी झाली. कुणी गेलं नाही. मग त्याला खरी जाग आली आणि अंगावर सरसरून काटा उभा राहिला.

"ऐकलंस ना?" ताईने न वळता विचारलं.

"काय?"

"सोंग करू नकोस. पाय जवळ घेतलेस की."

"रोज येतात?" तो म्हणाला, आणि आपण 'आवाज येतो' न म्हणता 'येतात' म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं.

"थंडीत रोज. उन्हाळ्यात नाही. होते तेव्हाही उन्हाळ्यात कुठे घरात टिकायचे?" ताई दोन कपांत चहा गाळत होती. दुसरा कप भावजींचा, दांडी तुटलेला. ते तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून प्यायचे आणि फेकू द्यायचे नाहीत. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्यांची मेल्यावरही गेली नाही बघ."

ती हसली. कोरडोबाला हसता आलं नाही. तो फळीकडे गेला. टेपाच्या काचेवर आतून थेंब जमले होते, त्यांतला एक पळत खाली गेला. वायर लावलेलीच होती, भावजी गेल्यापासून ती कुणी काढली नव्हती. झिजलेल्या स्विचवर ओल बसत होती आणि त्या ओलीवरून वीज चोरपावलांनी पलीकडे जाऊन स्पीकरला धक्का देत होती. एकदा तुटक, एकदा लांबट. दुकानात कुणी असा टेप आणला असता तर त्याने वास घेऊन सांगितलं असतं. इथे मात्र सगळं कळूनही काटा काही अंगावरून उतरेना.

"ताई, हा दमटपणा आहे. स्विचवर ओल—"

"मला वेड लागलंय असं समजू नकोस," ताई म्हणाली. "तो टेप आहे हे मलाही कळतं. पण ह्या घरात माझ्याशी बोलायच्या आधी आता दुसरं कोण खाकरतं रे?"

कोरडोबाने तोंडावर पाणी मारलं आणि पाव आणायला खाली गेला.

ती झोपली असताना दुपारी त्याने मागचं झाकण उघडलं. आत पाहून त्याच्या काळजाचं पाणी झालं. पितळी टोकांवर कळंक चढलेला, रबराचा पट्टा डांबरासारखा चिकटलेला, कोपऱ्यात बुरशीचा कापूस. टेपाने फार तर आणखी एखादा हिवाळा काढला असता. त्यानंतर ना गाणं, ना खाकरणं. नुसता डबा.

त्याने ताईला तसं सांगितलं. पहिले दोन दिवस ती म्हणाली, हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अजिबात बंद पडेल? म्हणजे कधीच नाही?"

"कधीच नाही."

तिने टेपावरची धूळ पदराने पुसली. "मग ने. पण आवाजाला धक्का लावू नकोस."

"आवाजाला कशाला धक्का लागतोय?" कोरडोबा म्हणाला. मनात त्याने सगळं ठरवलं होतं. बाकीचं सगळं साफ करायचं, वाचवायचं आणि तो एक स्विच तेवढा तसाच ठेवायचा. आजारी, कळकट, ओलीला ओ देणारा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी घाण जाणूनबुजून राखायचं ठरवलं होतं.

टेप कपाटात बल्बच्या उबेत राहिला. पुरेसा वाळल्यावर कोरडोबा कामाला बसला. पट्टा बदलला, फितीला टेकणारं हेड पुसलं, टोकं घासली. काम हाताला लागलं की त्याचं मन भटकायचं, हात आपले चालू राहायचे. त्या दुपारी मन भटकत भटकत त्या मधल्या वाटेत गेलं. पहाटेचा पडदा, भावजींच्या बुटांचा आवाज, आणि रात्री पाळीवरून येताना त्यांनी उशाशी ठेवलेली खाऊची पुडी. भानावर आला तेव्हा हातात स्पिरिटचा बोळा होता आणि समोर तो स्विच आरशासारखा लखलखत होता.

बोळा हिरवा झाला होता. भावजींचं जे काही ह्या जगात उरलं होतं ते त्या कापसावर आलं होतं, आणि परत लावायची सोय नव्हती. बायकोने जेवायला हाक मारली तर ह्याला ऐकूच गेली नाही.

त्याने टेप परत नेला. सांगितलं काहीच नाही. ताईने कॅसेट लावून पाहिली, गाणं नव्यासारखं वाजलं. "छान केलंस हो," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात त्याला सोसवेना.

दुसऱ्या सकाळी तो मुद्दाम तिथे होता. आधण उकळलं. वाफ झाली. काचेवर आतून थेंब जमले, स्विच मात्र कोरडा ठणठणीत. ताईने दोन कप भरले आणि मान जरा कलती करून उभी राहिली, दारावरची थाप ऐकायला माणूस उभं राहतं तशी. दांडी तुटलेल्या कपातल्या चहावर साय धरली. तिने एकदा टेपाकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग कप मोरीत ओतून विसळून ठेवला.

त्यानंतर ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. हळूहळू सकाळी उठायची बंद झाली. गुडघा बरा झाला होता, डॉक्टर म्हणाले चाला, ही भिंतीकडे तोंड करून पडून. याच्याकडे जेवायला येणंही थांबलं. कोरडोबाची बायको डबा देऊन आली आणि दारातच बसली.

"अहो, काय केलंत तुम्ही? वन्सं म्हणाल्या, आता घरात फार शांत आहे. बस, एवढंच म्हणाल्या."

त्याने बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे स्विच साफ झाला एवढंच. बाकीचं तिचं तिला कळलं.

"यंत्र वाचवलंत," ती म्हणाली, "आणि माणूस दुसऱ्यांदा मारलात."

मग जे सुरू झालं ते पाहिलं असतं तर गल्लीने त्याला वेड्यातच काढलं असतं. कोरडोबा ओल शोधू लागला. ताईकडे जाऊन टेपाशेजारी ओली फडकी ठेवू लागला. पातेलंभर पाणी उकळून वाफ टेपाकडे वारू लागला. मागच्या जाळीतून तोंडाने "हाs" करून आत श्वास सोडू लागला. काही नाही. काम इतकं चोख झालं होतं की टेप ढिम्म. आयुष्यभर ओल बाहेर काढायला शिकला, आत घालायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि आता भलतंच होऊ लागलं. दुकानात पाठ वळली की त्याला खाकरणं ऐकू यायचं. बल्बच्या कपाटातून, जिन्यावरून, एकदा तर भर गर्दीत बसथांब्यावर. तो गर्रकन वळायचा. कुणी नसायचं. जे ताईला ऐकू यायचं थांबलं, ते आता याच्या मागे लागलं होतं.

शेवटी त्याने तेच केलं जे करू नका म्हणून तो लोकांच्या मागे ओरडत असे. टेप रात्रभर ताईच्या गॅलरीत, उघड्या थंडीत ठेवला. सकाळी आला, गॅसवर मोठ्या पातेल्यात आधण ठेवलं, खिडक्या लावल्या. खोली वाफेने भरल्यावर टेप आत आणला. पत्रा हाताला चावत होता. फळीवर ठेवेपर्यंत तो डोळ्यांदेखत धुरकट झाला, मग घामेजला, मग त्याच्या कडांवरून पाणी गळू लागलं. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. एक दिवस कळ काढा, एक दिवस कळ काढा, असं डोक्यात वाजत होतं. त्याने वायर लावली आणि बटण दाबलं.

स्पीकर एकदा फुस्स झाला. आत खट् वाजलं. जाळीतून धुराची बारीक रेघ वर गेली, जळका वास आला आणि काचेमागचा दिवा विझला. कोरडोबाने झटकन वायर उपटली.

अंथरुणात हालचाल झाली. "काय जळलं रे?"

आता बोलायला हवं होतं. स्विच आपण साफ केला. आवाजाला धक्का लागणार नाही असं सांगून नेला आणि धक्का लावला. आणि आज उरलंसुरलंही जाळून टाकलं. आजवर त्याच्या वतीने बोलायला ताई होती. आज जिला सांगायचं ती ताईच. घशाला कोरड पडली. शब्द येता येता तिथेच अडला.

"ख्हं." थोडं थांबून, "ख्हं-हंs."

कोरडोबा दचकून टेपाकडे वळला. टेप मेलेला होता. वायर त्याच्या स्वतःच्या हातात लोंबत होती. त्याने भीत भीत दुसरा हात गळ्याला लावला. घसा अजून थरथरत होता.

अंथरुणावर ताईने पाय जवळ ओढून घेतले होते, कुणाला तरी वाट करून द्यावी तसे.

पातेल्यातलं पाणी उकळत राहिलं. ताई उशीवरून डोकं उचलून त्याच्याकडे बघत होती, नवऱ्याकडे बघावं तसंही नाही आणि भावाकडे बघावं तसंही नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"ताई, मी तो स्विच—"

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्या सकाळीच कळलं होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." मग काठी शोधत उठून बसली. "पाणी आटायला आलंय. चहा टाक."

त्याने चहा टाकला. थोडी साखर ओट्यावर सांडली. फळीवरून त्याने कप काढले: तिचा, भावजींचा आणि स्वतःसाठी एक.

ताईने तीन कपांकडे पाहिलं. "दोन पुरेत," ती म्हणाली.

त्याने तिसरा कप परत ठेवला. चहा गाळला. दांडी तुटलेला कप फार तापला होता. तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, फुंकर मारत, त्याने तो सगळा संपवला.